मिलोची भाकरी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



अमेरिकेचा अध्यक्ष म्हटले की आपल्याला पहिल्यांदा आठवतो तो अब्राहम लिंकन. त्याने आपल्या मुलाच्या गुरुजींना लिहिलेले म्हणून एक पत्र शाळाशाळांच्या भिंतींवर लावलेले दिसते. कवी वसंत बापटांनी त्याचे मराठी रूप केले आणि ते महाराष्ट्रभर पोचले. लिंकनच्या कागदपत्रांत असे पत्र अभ्यासकांना कुठे सापडलेले नाही, हे फार उशिरा माझ्या वाचनात आले. थोडे वाईट वाटले. पण पत्रातला उपदेश चांगलाच आहे, तेव्हा भिंतीवर राहू द्यायला हरकत नाही.

मात्र एक अमेरिकन अध्यक्ष असा होता की ज्याच्या देशाचे धान्य खरोखरच आमच्या घरात आले होते. माझ्या अम्मीने त्या धान्याच्या भाकरी थापल्या. त्या अध्यक्षाचे नाव तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. ते नाव होते लिंडन जॉन्सन. त्याच दिवसांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला एक माणूस मुंबईत मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर बसला होता. त्याचे नाव मात्र अम्मीला चांगले ठाऊक होते. वसंतराव नाईक. आज मला या दोघांविषयी आणि त्यांच्यामध्ये असलेल्या त्या भाकरीविषयी बोलायचे आहे.

या दोघांच्या वाट्याला खुर्ची आली ती एकाच पंधरवड्यात, आणि दोन्हीकडे ती मृत्यूच्या मागोमाग आली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. उपाध्यक्ष जॉन्सन यांनी विमानातच शपथ घेतली. दोनच दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे पदावर असताना निधन झाले. कन्नमवार आमच्या शेजारच्या चांदा जिल्ह्यातले, लहानपणी वर्तमानपत्रे विकून वाढलेले. त्यांच्यानंतर काही दिवस पी. के. सावंत यांनी काम पाहिले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. साता समुद्रांपलीकडची एक खुर्ची आणि मुंबईतली एक खुर्ची, दोन्हींवर खेड्यातून आलेली माणसे बसली.

आधी जॉन्सन यांचे सांगतो, कारण त्यांची गोष्ट ऐकताना यवतमाळच्या माणसाला आपल्याच गावाची आठवण होईल. १९०८ च्या ऑगस्टमध्ये टेक्सास राज्यात एका लहान शेतघरात त्यांचा जन्म झाला. वडील राज्याच्या विधिमंडळात आमदार होते, पण घरची मिळकत शेतीचीच. पहिल्या महायुद्धानंतर वडिलांनी घराण्याची जमीन कर्ज काढून विकत घेतली आणि कापूस पेरला. १९२० साली कापसाचा भाव कोसळला. जमीन गेली आणि कर्ज मागे राहिले. आमदाराचा मुलगा गावात मान खाली घालून फिरू लागला. श्रोतेहो, यातले टेक्सास हे नाव काढून दारव्हा किंवा राळेगाव असे नाव घातले, तर गोष्टीतले काही बदलत नाही.

पुढे शिक्षकांच्या कॉलेजात शिकताना पैसे संपले म्हणून १९२८ साली लिंडन जॉन्सन कोटुला नावाच्या गावी मास्तरकी करायला गेले. शाळा मेक्सिकन मजुरांच्या मुलांची होती. मुलांना इंग्रजी धड येत नसे आणि पुष्कळ मुले सकाळी उपाशीपोटी शाळेत येत. आपल्याला लोक का तुच्छ लेखतात, हे त्या मुलांना कळत नसे. जॉन्सन हे विसरले नाहीत. १९३७ साली ते अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले आणि आपल्या मागास भागात सहकारी संस्थेमार्फत वीज आणली. तोवर तिथल्या बायका विहिरीचे पाणी शेंदून आणि चुलीच्या धुरात डोळे चोळत दिवस काढत होत्या. १९४८ साली ते सिनेटवर गेले ते केवळ ८७ मतांनी, आणि त्या मतांविषयी पुढे बरेच बोलले गेले. माणूस साधा नव्हता. गोड बोलून, दरडावून, खांद्यावर हात टाकून, जसे जमेल तसे तो काम करून घेई.

अध्यक्ष झाल्यावर या माणसाने दोन मोठे कायदे करून घेतले. १९६४ चा नागरी हक्कांचा आणि १९६५ चा मतदानाच्या हक्काचा. काळ्या माणसाला हॉटेलात बसता येईना, मतदानाच्या यादीत नाव घालता येईना, ती व्यवस्था या कायद्यांनी मोडली. मतदानाच्या कायद्यासाठी १५ मार्च १९६५ रोजी संसदेपुढे भाषण करताना जॉन्सन यांनी कोटुलाच्या शाळेची आठवण काढली. ती उपाशी मुले, त्यांचे चेहरे त्यांनी साऱ्या देशाला सांगितले. त्या वेळी वाटले नव्हते की या मुलांसाठी काही करण्याची संधी मिळेल, आता मिळाली आहे तर मी ती वापरणार, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

आता आपल्या माणसाकडे येऊ. १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यावर वसंतरावांचा जन्म झाला. वडील फुलसिंग नाईक हे तांड्याचे प्रमुख. बंजारा समाज पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडत होता. इंग्रजांनी रेल्वे आणली आणि हा धंदा बसला. वर काही भागांत या समाजाला जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदाही लावला गेला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्याच १९५२ साली वसंतराव निवडून आले आणि त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारात उपमंत्री झाले. एकाच साली शिक्काही पुसला गेला आणि मंत्रिपदही आले.

पण मधली वाट लांबची होती. तांड्याला शाळा नव्हती. गावोगावच्या शाळांत शिकत, पायी चालत मुलगा नागपूरला पोचला, मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाला, वकील झाला. सुरुवातीला अमरावतीला आणि मग पुसदला त्याने वकिली केली. १९४१ साली नागपूरच्या वत्सलाताई घाटे यांच्याशी लग्न केले. मुलगी ब्राह्मण घरातली, मुलगा तांड्यावरचा. त्या काळी या लग्नाची किती चर्चा झाली असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. १९४६ साली पुसदचे नगराध्यक्ष, मग आमदार, उपमंत्री. द्विभाषिक राज्यात मंत्री, महाराष्ट्र झाल्यावर महसूलमंत्री आणि शेवटी मुख्यमंत्री.

यातली एक गोष्ट मला जवळची वाटते. वसंतरावांच्या घरची बोली गोरमाटी. मराठी त्यांनी शाळेत कमावली. आमच्याही घरात अम्मी-अब्बा दखनी वळणाचे उर्दू बोलत. गावात शाळा एकच, जिल्हा परिषदेची मराठी. तिथे मी बाराखडी गिरवली आणि पुढे कविता लिहिली तीही मराठीतच. घराबाहेरच्या भाषेत उभे राहताना सुरुवातीला जीभ अडखळते, लोक हसतात. ज्याच्या घरात मराठी नव्हती तो माणूस मराठी राज्याच्या सर्वांत वरच्या खुर्चीवर अकरा वर्षे बसला, याचे आमच्यासारख्यांना किती बळ वाटले असेल! अब्बा म्हणायचे, ‘अपने जिल्हे का आदमी है.’ त्यात जात-धर्म कुठे नव्हता. जिल्हा होता.

आता भाकरीची गोष्ट.

स्वातंत्र्यानंतर आपल्याला धान्य पुरत नव्हते. १९५४ साली अमेरिकेत अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. त्याचा क्रमांक ४८०. अमेरिकेत जास्तीचे पिकलेले धान्य गरजू देशांना सवलतीने द्यायचे, असा तो कायदा. पीएल ४८० हे नाव आपल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते. त्या कायद्याखाली गहू आला, मिलोही आला. मिलो म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी. तिकडे ती प्रामुख्याने जनावरांसाठी पिकवतात.

१९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६५ साली पाकिस्तानशी युद्धही झाले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी रात्रीचे जेवण सोडायला सांगितले. १९६६ साली आपण सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले, त्यातले बहुतेक अमेरिकेचे. बंदरात जहाज लागले की धान्य सरळ रेशनच्या दुकानात जाई, साठा करायला उरतच नसे.

या वेळी जॉन्सन यांनी दोरी आपल्या हातात घेतली. वर्षाचा करार करायचा नाही, महिन्या-दोन महिन्यांपुरतेच धान्य मंजूर करायचे. पुढचे जहाज सुटणार की नाही, हे दिल्लीला आयत्या वेळेपर्यंत कळत नसे. जॉन्सन यांची बाजू अशी की भारत आपल्या शेतीकडे लक्ष देत नाही, फुकटच्या धान्यावर विसंबतो, त्याला जागे केले पाहिजे. हे अगदीच खोटे नव्हते. पण त्यात रागही होता. व्हिएतनाममध्ये अमेरिका करत असलेल्या युद्धावर भारत टीका करत होता आणि ती टीका जॉन्सन यांना झोंबत होती. कोटुलाच्या उपाशी मुलांना जन्मभर न विसरलेला मास्तर दुसऱ्या देशातल्या उपाशी मुलांचा घास दोरीने बांधून ठेवत होता. माणूस एकच होता, हे मला पुनःपुन्हा विचारात पाडते. भूक पाहिलेली असणे पुरेसे नसते. ज्यांचे चेहरे पाहिले नाहीत त्यांचीही भूक आठवावी लागते.

अम्मी तेव्हा नवी नवरी होती. ती सांगायची, रेशनच्या दुकानातून मिलो आणला की आधी तो निवडायचा. जात्यावर दळताना जात्याला वास यायचा. पिठाला चिकणाई नाही, त्यामुळे भाकरी थापताना कडा चिरायच्या. तव्यावरून काढली की लालसर, गार झाली की चामड्यासारखी. आजोबा भाकरीकडे बघत बसायचे. अम्मी म्हणायची, ‘ये लाल जवारी से पेट भरता था बेटा, मन नै भरता था.’ वावर आपले, बैल आपले, घाम आपला, आणि भाकरी दुसऱ्याची. कुणब्याच्या घरात याचे जे वाटते ते उपाशी राहण्याच्या पलीकडचे असते. ती शरम होती.

हीच शरम वसंतराव नाईकांनी बोलून दाखवली. १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या सभेत ते म्हणाले की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत स्वावलंबी झाला नाही तर मला फाशी द्या. तोंडात पाइप धरून शांतपणे ऐकून घेणारे, आवाज न चढवणारे असे हे गृहस्थ. त्यांच्या तोंडून असे वाक्य येईल असे कोणाला वाटले नव्हते. गावोगाव त्या वाक्याची चर्चा झाली. अब्बा ते वाक्य असे सांगायचे की जणू स्वतः सभेला हजर होते. खरे म्हणजे त्या वेळी ते पुण्याला कधी गेलेही नव्हते.

वाक्यामागे काम होते. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण निघाले होते, सीएसएच-१. नाईक सरकारने ते बियाणे, खत आणि विहिरीवरची वीज यांच्या मागे जोर लावला. अधिकारी बांधावर जाऊ लागले. मुख्यमंत्री स्वतः शेतात उतरून कणसे हातात घेऊन बघत. पुढच्या काही वर्षांत राज्यात चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. राहुरीला १९६८ साली, अकोल्याला १९६९ साली, परभणी आणि दापोलीला १९७२ साली.

इथे एक गंमत सांगतो. संकरित बियाणे करण्यासाठी ज्या ज्वारीला नर फुलोरा निकामी असतो अशी ज्वारी मादी म्हणून लागते. ती युक्ती १९५४ साली सापडली ती टेक्सासमध्येच. मिलो आणि काफिर अशा दोन ज्वारींच्या संकरातून ती साधली होती. आपल्या सीएसएच-१ ची मादी त्याच अमेरिकन काफिरच्या कुळातली. म्हणजे ज्या मिलोच्या भाकरीने आजोबांना शरम वाटली, त्याच मिलोचे रक्त आमच्या वावरात उभ्या राहिलेल्या हायब्रीड ज्वारीत होते. ज्या राज्याचा माणूस जहाज अडवत होता, त्याच राज्यातून जहाजाची गरज संपवणारे बियाणेही निघाले. अडवणे राजकारणाचे होते, देणे संशोधनाचे. देशांचे संबंध असे दुहेरी विणीचे असतात.

अम्मी त्या ज्वारीला ‘हैब्रेट’ म्हणायची. तिच्या तक्रारी होत्याच. चव गावरानीची नाही, कडबा आखूड, कणसे भरायच्या वेळी पाऊस आला की दाणे काळे पडतात. पण दर वेळी शेवटी म्हणायची, ‘अपने खेत की तो है.’

वसंतरावांचा शब्द दोन वर्षांत खरा झाला का? आकड्यांनी पाहिले तर झाला नाही. महाराष्ट्राला पुढेही बाहेरून धान्य आणावे लागले. कोणी त्यांना फाशी दिली नाही, आणि देऊ नये हेच बरे. पण गावातल्या माणसाला एवढे कळले की राज्याचा प्रमुख आपल्या भाकरीसाठी स्वतःची मान पणाला लावतो आहे. १९६७ च्या निवडणुकीत देशातल्या कितीतरी राज्यांत काँग्रेस पडली, महाराष्ट्रात टिकली, त्याच्या मागे हाही विश्वास असावा.

मग १९७२ चा दुष्काळ आला. माझा जन्म १९६८ चा, त्यामुळे हा दुष्काळ मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. अम्मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. लिंबाच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी बांधून त्यात धाकटीला निजवलेले आणि मी तिला झोका देत बसलेलो. दुपारी सुकडी वाटत. ती गोड असायची म्हणून मला दुष्काळ फार आवडायचा! रेशनवर पुन्हा मिलो आलेला होता. मी ती भाकरी दुधाशिवाय, कोरड्यास म्हणून कांद्याबरोबर खाल्लेली आहे.

१९७३ च्या मे महिन्यात राज्यात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना नाईक सरकारने राज्यभर आणली. मागेल त्याला काम आणि कामाला दाम. भीक नको, काम द्या, हे सरकारने मान्य केले. पुढे १९७७ साली त्याचा कायदा झाला, आणि २००५ साली केंद्राने जो रोजगार हमीचा कायदा केला त्याचे मूळ इथलेच. जॉन्सन यांचे २२ जानेवारी १९७३ रोजी टेक्सासमधल्या आपल्या शेतावरच्या घरी निधन झाले. व्हिएतनामच्या युद्धाने त्यांना खाऊन टाकले होते. १९६८ साली त्यांनी स्वतःच पुन्हा उभे राहणार नाही असे सांगून टाकले होते. त्यांचे निधन झाले त्या दिवशी माझी अम्मी खडी फोडत असणार. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे तिला कोण सांगणार?

वसंतरावांच्या कारकिर्दीतही काळे डाग आहेत. १९७० च्या मे महिन्यात भिवंडी आणि जळगाव पेटले. राज्याची यंत्रणा लोकांना वाचवू शकली नाही. त्यांच्याच सरकारने न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला, पण गेलेली माणसे गेली. मुंबईतल्या राजकारणात त्यांनी कोणाला बळ दिले, यावरही टीका झाली. मोठ्या माणसाविषयी बोलताना हे झाकून ठेवले तर आपण त्याचे चरित्र सांगत नाही, त्याची आरती करतो.

आणि एक गोष्ट राहते. ती आमच्या जिल्ह्याची आहे.

ज्वारी पोटासाठी, पण घरात पैसा येतो तो कापसाचा. पऱ्हाटी फुटली की दुकानदाराची उधारी फिटणार, मुलीचे लग्न होणार, घरावर कौले चढणार. नाईक सरकारने १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. व्यापाऱ्याने लुबाडू नये, सरकारनेच हमीने कापूस घ्यावा. हेतू चांगला होता आणि सुरुवातीची काही वर्षे आमच्याकडे तिचा आधार वाटला. पुढे मात्र मी अब्बांबरोबर बंडीवर बसून खरेदी केंद्रावर गेलो तेव्हाचे चित्र वेगळे होते. बंड्यांची रांग कोसभर. दोन रात्री थंडीत बंडीखाली झोपलो. तिसऱ्या दिवशी ग्रेडरने मूठभर कापूस उचलला, बघितला आणि प्रत उतरवली. अब्बा हात जोडून उभे राहिले. चुकारा मिळाला तो किती महिन्यांनी, आणि तोही हप्त्यांनी. त्या वर्षी मोठ्या बहिणीचे लग्न पुढे ढकलावे लागले. अब्बा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. ‘अपने जिल्हे का आदमी’ तोवर या जगात राहिला नव्हता.

वसंतराव २० फेब्रुवारी १९७५ रोजी मुख्यमंत्रिपदावरून उतरले. सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, आणि हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. १९७७ साली ते वाशीममधून लोकसभेवर गेले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. पुढे त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईकही १९९१ साली मुख्यमंत्री झाले. एका जिल्ह्याने, एका तालुक्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले.

आणि त्याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी बायको आणि चार मुलांसह जीवन संपवले. दर वर्षी १९ मार्चला कितीतरी लोक त्या कुटुंबासाठी एक दिवस अन्नत्याग करतात. त्यानंतर अशा घरांची संख्या वाढतच गेली. २००२ पासून बीटी कापसाचे बियाणे आले, तेही अमेरिकन तंत्राचे. त्याच सुमारास एकाधिकार खरेदीही मोडीत निघाली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज दिले, त्यात यवतमाळ होते. २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे गेली. आता रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, मिलो नाही. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. म्हणजे भाकरीचा प्रश्न बराचसा सुटला. भाकरी पिकवणाऱ्याचा सुटला नाही.

मी कवी आहे, अर्थशास्त्रज्ञ नाही. उपाय सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही. १९६५ साली राज्याचा प्रमुख म्हणाला होता की काम झाले नाही तर मला फास लावा. फास राज्यकर्त्याच्या मानेवरून सरकला आणि शेतकऱ्याच्या मानेवर आला. हे कधी झाले, कसे झाले, कोणाच्या सहीने झाले, हे आपण विचारले पाहिजे. टेक्सासमध्ये कापसाचा भाव पडून एका शेतकऱ्याची जमीन गेली, तेव्हा त्याच्या मुलाला पुढे उभे राहता आले, देशाचा अध्यक्ष होता आले. तांड्यावरच्या मुलाला शाळा मिळाली तेव्हा तो मुख्यमंत्री झाला. आज आमच्या जिल्ह्यातल्या ज्या घरातला कर्ता गेला आहे, त्या घरातली मुलगी आत्ता सातवी-आठवीत असेल. तिला कोणी शिकवते आहे का? तिचे नाव कोणाला ठाऊक आहे का?

१ जुलै हा वसंतरावांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. पुतळ्याला हार पडतात, शेतकऱ्यांचे सत्कार होतात. यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. सारे योग्यच आहे. पण मला वाटते, त्या दिवशी प्रत्येक खुर्चीवरच्या माणसाने, मग ती खुर्ची ग्रामपंचायतीची असो की मंत्रालयाची, शनिवारवाड्यावरचे ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणावे. आपल्या तोंडून ते निघते का, एवढेच पाहावे.

श्रोतेहो, तुमच्या घरात पंचाहत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, मिलो खाल्ला होता का? कसा लागायचा? ते थोडा वेळ गप्प बसतील, मग सांगू लागतील. ते लिहून ठेवा. माझ्या अम्मीने सांगितलेले मी वेळीच लिहून ठेवले नाही. जेवढे आठवले तेवढे आज तुम्हाला सांगितले.